जिजाकाकीच्या अळवातला पाणलावा

शपथ सुटली आहे, म्हणून आता बोलते. आमच्या आळीला लाज नाही. जिच्या अळवावर वर्षानुवर्षं ऋषिपंचमी साजरी केली, तिलाच खोटारडी ठरवायला या लोकांना एक संध्याकाळ पुरली.

सोपाऱ्यात आमच्या घराला लागूनच जिजाकाकीची वाडी. तिच्या मोरीचं पाणी जिथे जिरतं, तिथे कमरेएवढं अळू माजलेलं असतं. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, त्यामुळे हरतालिकेलाच सगळी आळी तिच्याकडे पानं सांगून ठेवते. काकी स्वतः चिखलात उतरून कापून देते, फुकट. नवऱ्यामागे एकटीने वाडी राखली, लेकीचं लग्न केलं, बिल्डरला ओटीवरूनच परत पाठवला. तोंडाने फटकळ, पण हात सैल.

यंदा मात्र ती कोयता घेऊन वाटेतच उभी राहिली. "एक पान मिळनार नाय. आत पक्षी बसलाय अंड्यांवर."

समोरच्या नव्या सोसायटीची सेक्रेटरी विनया फिसकन हसली. संध्याकाळी आळीच्या ग्रुपवर तिचा मेसेज: पक्ष्याचं नुसतं निमित्त, काकूंनी अळू तुळिंजच्या बाजारासाठी राखून ठेवलंय. खाली हसणारे चेहरे. तिच्या अळूवड्या खाल्लेल्या एकानेही 'असं नसेल हो' म्हणून लिहिलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकीचं एकच चालू होतं. "मी विकते? मी?"

दुसऱ्या दिवशी तिचा पुतण्या दीपेश गणपतीच्या दर्शनाला आला. तो लग्नांचे फोटो काढतो, कॅमेरा गाडीतच होता. काकीने त्याला ताटावर बसूच दिलं नाही. "मोदक नंतर. आधी फोटो काढ. यांच्या तोंडावर मारते."

आम्ही तिघं विहिरीआड दबून बसलो. बऱ्याच वेळाने अळवातून एक देखणा पक्षी चिखलात उतरला. लांब चोच, तांबूस मान, डोळ्याला पांढरा चष्मा लावल्यासारखा. मागे देठांच्या बुडाशी चिखलाच्याच रंगाचा दुसरा, अंड्यांवर घट्ट बसलेला. "ही आई, नि हा ऐटबाज बाप," दीपेश म्हणाला. मलाही तसंच वाटलं. नाव कळावं म्हणून त्याने फोटो पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. लगेच उत्तर आलं: रंगीत पाणलावा. नटलेली ती मादी, अंडी उबवतोय तो नर.

काकी भडकलीच. "अंडी टाकून ही बया मिरवते, नि बापडा चिखलात?" दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही हसलो.

पण नावापाठोपाठ दुसरे मेसेज येऊ लागले. जागा कुठली? उद्या येऊ का? एका शहाण्याने लिहिलं, 'समोरची पानं छाटून ठेवाल का, अंडी स्वच्छ दिसतील.' दीपेशने ते मोठ्याने वाचलं आणि काकीचं हसू विरलं.

"पूस तो फोटो. तिकडनं पन काढ."

"अगं काकी, निदान आळीच्या ग्रुपवर तरी टाकू दे. तुझं नाव साफ होईल."

मीही भांडले. त्या विनयाचं तोंड बंद व्हायलाच हवं होतं. काकी ऐकेना. "फोटो बघितला की आळी बघायला येल. पोरं चिखलात उतरतील. बाप एकदा उठला की संपलं." दीपेशने फोटो पुसला. काकीने आम्हा दोघांना गणपतीच्या पायावर हात ठेवायला लावला. पिल्लं चालती होईस्तोवर अवाक्षर काढायचं नाही.

पंचमीच्या सकाळी विनया चार बायका घेऊन फाटकाशी आली. "मग काकू, कुठाय तुमचा पक्षी? फोटो तरी दाखवा." मी कुंपणापाशी ओठ चावत उभी होते. त्या पाचही जणींना हाताला धरून ते अंड्यांवरचं पाखरू दाखवावं असं वाटत होतं.

जन्मात एक पान न विकलेली काकी ताठ उभी राहिली.

"कसला पक्षी? बाजारासाठीच राखलंय अळू. नाय देत, जा."