दत्ता मस्करी करत नव्हता

चूक माझी होती. नाईक दत्ताला सकाळच्या बोटीने पाठवायला हवं होतं. मी त्याला ठेवून घेतलं.

मी तेव्हा लष्करात हवालदार होतो, नर्सिंग असिस्टंट. गोदावरीला पूर आला आणि आमच्या युनिटचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, परभणी जिल्ह्यात उतरला. गंगाखेडच्या पुढे एका गावच्या शाळेत आमचा तळ होता. कॉलममध्ये मराठी दोघंच. मी राणीसावरगावचा, दत्ता पालमचा. तो मला पाव्हणं म्हणायचा. सगळ्यांच्या नकला करायचा. त्याने तोंड उघडलं की भाषा न कळणारेही हसायचे.

गावातली माणसं बाहेर काढताना पाण्याखालच्या पत्र्याने त्याची पोटरी कापली. मी जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

"आता पाण्यात उतरू नको."

"पाव्हणं, बसून पगार घेतला तर बायको घरात घेईल का?"

तो उतरला. मी अडवलं नाही. संध्याकाळी त्याला हुडहुडी भरून ताप आला. मी गोळ्या दिल्या.

सकाळी थर्मामीटर लावला. ताप उतरला होता, नेहमीच्याही खाली. मला हायसं वाटलं. त्याचे हात गार होते आणि बसल्याजागी धाप लागत होती. मी ते पाहिलं. श्वास मोजला नाही, बीपी घेतलं नाही.

दत्ता म्हणाला, "पाव्हणं, पालमची येष्टी लागली का?"

शाळेबाहेर कमरेएवढं पाणी होतं. मी हसलो. मग बाकीचेही हसले.

सुभेदार साहेब गढवालचे. त्यांनी विचारलं, "क्या बोल रहा है?"

"मजाक कर रहा है, साब."

"बोट जा रही है. भेजना है?"

"नहीं साब. बुखार उतर गया."

बोट गेली. दत्ताने पुन्हा तेच विचारलं. या वेळी तो चिडला होता. "गेली ना येष्टी? सांगितलं का न्हाई मला?" गाव रिकामं झालं होतं. त्याचं बोलणं समजणारा तिथे मी एकटाच होतो. मी त्याला म्हणालो, झोप जरा.

दुपारी बोट परतली तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर निळसर डाग उठले होते. सकाळपासून लघवी नव्हती. मनगटाची नाडी सापडेना. मी सलाईन लावलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि बोटीत घेऊन बसलो.

वायरलेसवर आवाज आला, "कैजुअल्टी कैसी है? ओव्हर."

"सीरियस. रोड पर एम्बुलन्स चाहिए. ओव्हर."

अॅम्ब्युलन्स उभी होती. डॉक्टरांनी दत्ताची नाडी पाहिली, छातीला स्टेथो लावला, मग घड्याळ पाहिलं.

याला सेप्सिस म्हणतात. जखमेतला संसर्ग अंगभर पसरतो आणि शरीर हरू लागतं. कधी ताप चढण्याऐवजी अंग गार पडतं. श्वास वाढतो, माणूस भलतंच बोलू लागतो. तेव्हा वाट पाहायची नसते, लगेच दवाखान्याकडे निघायचं असतं. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

दरवर्षी दत्ताच्या श्राद्धाला मी पालमला जातो. त्याची आई मला पहिल्या पंगतीला बसवते आणि पाहुण्यांना सांगते, "ह्यांनी माझ्या लेकराला शेवटपत्तुर धरून ठेवलं." मी खाली मान घालून जेवत आलो.

यंदा पंगत उठल्यावर मी दत्ताच्या आईजवळ जाऊन बसलो. जे घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सकाळी बोट व्हती?"

"होती, आई. साहेबांनी विचारलं होतं. मीच नको म्हणालो. माझं चुकलं."