चहाआधी चार थेंब रक्त

सबंध रत्नागिरीत पाहुण्याकडे चहाच्या आधी रक्त मागणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. आम्ही रत्नागिरीत राहायला आलो तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तर 'बसा' म्हणायच्या आधी त्यांनी माझं बोटच धरलं. दुसऱ्या हातात सुई! "जावईबापू, चारच थेंब!" मी किंचाळलो. आतून मामी म्हणाल्या, "द्या हो, नाहीतर चहा मिळायचा नाही. दूधवाल्यानेसुद्धा दिलंय."

मामांनी मिरजोळ्याच्या कारखान्यात जन्मभर भिंतीला घट्ट चिकटणारा रंग केला आणि निवृत्त झाल्यावर, ज्याला काहीच चिकटणार नाही अशा लेपाच्या मागे लागले. कारण मामी. त्यांचं डायलिसिस चालतं. मानेजवळच्या शिरेत बसवलेल्या नळीत गुठळी होते, मग नळी बदलायची. आणि नळी बसेल अशा चांगल्या शिरा आता फार उरलेल्या नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.

"रक्तातली प्रथिनं आधी येऊन चटई अंथरतात," मामा हातवारे करत सांगतात, "मग पेशी येऊन फतकल मारतात. आपण चटईच अंथरू द्यायची नाही! माझ्या लेपाचे धागे पाण्याला असे धरून बसतात, की प्रथिनाला बूड टेकायला जागाच नाही."

लेप लावायची त्यांची रीत एकच. अर्धं माखायचं, अर्धं कोरं सोडायचं, म्हणजे फरक कळतो. दह्याचं काचेचं भांडं अर्धं माखलं, तर एका बाजूचं दही भिंतीला धरून आणि दुसऱ्या बाजूचं घाटातल्या दरडीसारखं खाली! मामींनी ते भांड्यासकट माडाच्या आळ्यात भिरकावलं. मी तोंड धुवायला गेलो तेवढ्यात माझ्या चष्म्याची डावी काच माखून झाली होती. "मामींना विचारून लावलीत?" मी ओरडलो. "ती नाही म्हणाली असती," मामा शांतपणे म्हणाले.

गेल्या महिन्यात माझ्या रक्तात बुडवलेली प्लास्टिकची पट्टी बाहेर आली. कोरी बाजू लालभडक, माखलेली स्वच्छ. मामा अंगणात अक्षरशः नाचले. त्याच आठवड्यात मामींची नळी पुन्हा तुंबली. मामींनी लेपाची बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"नवी नळी बसवायचीय. लावा तिला. जावयाचा चष्मा सोडला नाहीत, मग मीच काय पाप केलंय?"

मला वाटलं, मामा उडीच मारतील. ते पांढरेफटक पडले.

"नाही."

"अहो, पण स्वच्छ निघाली ना पट्टी?"

"पट्टीला हृदय नसतं गो. आत एखादा धागा सुटला तर? तुला अर्धी माखून अर्धी सोडता येत नाही."

त्यांनी बाटली कपाटात ठेवली. सुई पाहून बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला.

पट्ट्या आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेल्यात. तिथे कसोट्यांवर कसोट्या होतील, कित्येक वर्षं. मामींना साधी नळी बसलीय. आठवड्यातून तीनदा मामा त्यांना रिक्षाने घेऊन जातात आणि चार-चार तास नळीतल्या रक्तावरून नजर हलवत नाहीत. परवा मीही गेलो होतो.

"किती वर्षं लागतील, मामा?" मी हळूच विचारलं.

मामी डोळे मिटूनच म्हणाल्या, "घाई करू नका हो. नीट करा. माझी नसली, तरी कुणाची तरी नळी असेलच."

मामा उठले आणि मामींच्या पायांवरचं पांघरूण सारखं करू लागले. ते सरकलेलं नव्हतं.