असोद्याचं गोड पाणी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. माझ्या वडिलांना, आबांना ठाऊक नाही, बायकोला नाही, आणि ज्या सरांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मध्येच अडखळेन, भलतीकडे जाईन – पण शेवटपर्यंत जायचं ठरवून बसलो आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. असोद्याहून जळगावला बी.एस्सी., मग धुळ्याला एम.एस्सी. आणि तिथेच, देवपुरात, सरांच्या हाताखाली संशोधन. गावात कुणी विचारलं की मी म्हणायचो, स्फटिक वाढवतो. आबा चारचौघांत सांगायचे, "पोरगा धुयाले दगडाची शेती करते!" लोक हसायचे, आबाही हसायचे. पण त्या हसण्यात अभिमान असायचा, आणि तोच मला जड व्हायचा. कारण ती शेती पिकत नव्हती.

काम सांगायला सोपं आहे. परीक्षानळीत जेल गोठवायची – आजाऱ्याला देतात त्या साबुदाण्याच्या पेजेसारखी दिसते. तिच्यावर दुसरं द्रावण हलकेच ओतायचं आणि नळीला हात लावायचा नाही. द्रावण जेलमध्ये झिरपत जातं आणि महिनाभरात मध्ये कुठेतरी स्फटिक धरतो. पुण्याला एक्स-रे काढायला पाठवता येईल असा एकच मोठा, नितळ स्फटिक सरांना हवा होता. मला मिळायचा रवा. महिनाभर वाट पाहायची आणि नळीत पांढरा रवा! पुन्हा नळ्या धुवायच्या, पुन्हा वाट पाहायची, पुन्हा रवा. शेजारच्या बाकावरचा साहेबराव साक्रीकडचा. तो म्हणायचा, "काय रे केळीवाला, शिरा करीसन खाई टाक ना हाऊ बठ्ठा रवा!" मी हसायचो. खोलीवर गेल्यावर मात्र उशीवर बुक्क्या मारायचो. राग कुणावर होता? नळ्यांवर? स्वतःवर? आजही नीट सांगता येत नाही.

त्यातच डिस्टिल्ड वॉटर काढायचं काचेचं यंत्र तडकलं. नवं लवकर येण्यातलं नव्हतं. सरांनी एक मोठी काचेची बरणी माझ्या हातात दिली. म्हणाले, घरी जातोच आहेस तर येताना जळगावच्या कॉलेजातून भरून आण, मी सांगून ठेवलं आहे.

घरी गेलो तर केळीची कापणी निघालेली. ट्रक येऊन उभा. आबांबरोबर घड वाहण्यात दिवस गेला, आणि कॉलेज राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटेची बस. रिकामी बरणी घेऊन सरांसमोर कसा उभा राहू? आईला म्हणालो, पाणी भरून दे. ती म्हणाली, "ने बापा, आपल्या हिरीचं पानी गोड हाये. दाय कशी लोन्यासारखी शिजते त्याच्यात."

आमच्याकडे गोड पाणी म्हणजे चांगलं पाणी, स्वच्छ पाणी. गोड म्हटलं की पुढे प्रश्न नाही. पण मी तर रसायनशास्त्र शिकलेला होतो ना? गोड पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, एवढं मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी मी ते उकळलं, फडक्यातून गाळलं आणि धुळ्याला नेलं. सरांनी विचारलं, "आणलंस?" मी म्हणालो, "आणलं."

एवढंच. एक शब्द.

त्या पाण्याच्या नळ्यांत रवा धरलाच नाही. दोन-चारच स्फटिक – हरभऱ्याएवढे, नितळ, पैलू असे की बोट लावायची भीती वाटावी. सरांनी नळी खिडकीपाशी धरली आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिली. मग साऱ्या विभागाला चहा. स्फटिक पुण्याला गेले, लेख छापून आला, त्यात स्वच्छ अक्षरांत "डिस्टिल्ड वॉटर". त्या लेखावर मला त्याच विभागात लेक्चररची नोकरी लागली.

तुम्ही म्हणाल, हीच ती लपवलेली गोष्ट. नाही. हे सांगणं त्या मानाने सोपं आहे.

पुढच्या वर्षी कांचन आली. धुळ्यातल्या एका मारवाडी कापड-दुकानदाराची मुलगी. तिच्याही घरात इतकं शिकणारी तीच पहिली. तिच्या बापूजींनी एकाच अटीवर लग्नाची बोलणी थांबवली होती – वर्षभरात तिच्या नावाचा लेख दिसला पाहिजे. सरांनी तिला माझं काम पुढे न्यायला दिलं. माझ्यासारखे स्फटिक वाढवायचे आणि त्यांत तांबं मिसळून काय होतं ते पाहायचं. एव्हाना नवं यंत्र आलं होतं. पाणी खरोखर शुद्ध होतं.

तिला रवा मिळाला. पुन्हा रवा. तिचा चेहरा मला ओळखीचा होता – माझाच होता तो.

एकदा तिने विचारलं, "भाऊ, लेखात लिहायचं राहिलं असं काही आहे का? एखादी बारीकशी गोष्ट?" मी म्हणालो, "ओतताना तुझा हात हलतो. धीर धर जरा." तेव्हापासून ओतताना ती डाव्या हाताने उजवं मनगट धरायला लागली. मी ते रोज बघायचो. रोज.

विभागाच्या बैठकीत सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याच खोलीत, ह्याच नळ्यांत ह्याने वाढवले. मग चूक कशात आहे, कांचन?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे.

मला तरी कुठे नक्की माहीत होतं – असं मी स्वतःला सांगायचो. कदाचित पाण्याचा संबंध नसेल. दिवाळीत घरून येताना मी पुन्हा बरणी भरून आणली. काही नळ्या विहिरीच्या पाण्यात लावल्या, काही शुद्ध पाण्यात, आणि मागच्या कपाटात कुलपात ठेवल्या. महिन्याने कपाट उघडलं. शुद्ध पाण्यात रवा. विहिरीच्या पाण्यात हरभरे.

म्हणजे आता शंका उरली नव्हती. आमच्या पाण्यात असं काहीतरी आहे की त्याने दाणे थोडे धरतात आणि मोठे होतात – खरं संशोधन तर तेच होतं! ते माझ्या तळहातावर होतं, आणि कांचनचं वर्ष अजून संपलं नव्हतं. शेजारी सरांच्या खोलीत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. लेख गेला असता, नोकरीही गेली असती बहुधा, आणि आबांना गावात हसणं नकोसं झालं असतं.

मी ते स्फटिक ॲसिडमध्ये टाकले आणि विरघळेपर्यंत उभा राहिलो. कुलूप काढून किल्ली परत दिली.

उन्हाळ्यात कांचनचं लग्न ठरलं. ॲप्रन परत करायला आली तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. घडी घातलेला ॲप्रन टेबलावर ठेवत म्हणाली, "तुमच्या हातात कला आहे, भाऊ. माझ्या नाही, एवढं तरी कळलं."

मी म्हणालो, "होतं असं एखाद्याचं."

ती गेली. तिच्या बाकाची जागा चांगली होती – ऊन नाही, कुणाची ये-जा नाही, नळ्यांना धक्का लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारून ती मागून घेतली.