उशीतलं तूस

आईला मी सांगितलं की हे जवाचं सत्त्व आहे. शुगर जरा वर आहे, डॉक्टरांनी घ्यायला सांगितलंय. इतकं बेमालूम खोटं बोललो की माझं मलाच नवल वाटलं. ती कुवेतला येऊन तीन दिवस झाले होते. बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली आणि ओल्या फडक्याखाली मोड आलेले जव तिला दिसले. खरं सांगायचं तर मी बिअर करत होतो.

या देशात दारू मिळत नाही. घरी करताना सापडलो तर तुरुंग, नाहीतर नोकरी-व्हिसा सगळं गुंडाळून विमानात. आणि हे उद्योग करणारा कोण, तर फिंतासच्या एका बिल्डिंगमध्ये राहणारा, कंपनीचे हिशोब बघणारा, कधी सिग्नलही न तोडणारा भित्रा माणूस. कशासाठी? हौस, दुसरं काय. किराणा दुकानातले सोललेले जव रुजत नाहीत म्हणून मेंढ्यांच्या चाऱ्याच्या बाजारातून सालीसकट जव आणायचे, मोड आणायचे, वाळवायचे, असा माझा दोन वर्षं कारभार चालला होता. बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे तुझं तू निस्तर, माझ्या स्वयंपाकघरात सांडायचं नाही.

पण मला पोलिसांपेक्षा आईची भीती होती. माझे वडील पिऊन पिऊन गेले. त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी घरात बघितलंय त्यांना कळेल. पुढे मी कॉलेजात जायला लागलो आणि आईने एक सवय लावून घेतली. मी घरी आलो की दारातच माझा चेहरा दोन्ही हातांत धरायची आणि तोंड हुंगायची. मला संताप यायचा, मित्रांसमोर तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नोकरीसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, "जिथं मिळत नाही तिथं जा." मी कुवेतला आलो. पहिल्या सुट्टीत घरी गेलो तर तिने चेहरा हातांत धरला, गालावरून हात फिरवला आणि आत पाणी आणायला गेली. हुंगलं नाही. त्यानंतर कधीच नाही. मावशीला, शेजारणींना सांगायची, त्याचं मला आता काही टेन्शन नाही.

तर अशा बाईला मी सत्त्व सांगितलं, आणि ती इतकी खूश झाली की विचारू नका. नाचणीचं सत्त्व तिने आयुष्यभर केलेलं. तुला काय येतंय त्यातलं, बाजूला हो, म्हणाली. मोड किती लांब ठेवायचे, पाणी कधी शिंपडायचं, सगळं तिने हातात घेतलं. इथल्या उन्हात जव दीड दिवसात खडखडीत वाळले. मी ऑफिसात गेलो की ती त्याच्यामागे लागायची. एका संध्याकाळी आलो तर तिने पांढऱ्या पिठाने भरलेला मोठा डबा समोर ठेवला. मिक्सरमध्ये भरडून, सूप नाही म्हणून परातीत पाखडून, पुन्हा बारीक दळून, चाळून. एक फोलपट सापडेल तर शप्पथ. मला थोडी शंका आली होती. पण म्हटलं बारीक आहे तर गोडी जास्तच उतरेल. अर्धवट शहाणपण, दुसरं काय.

शुक्रवारी सकाळी बायको आईला घेऊन हवल्लीला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेली. मी सहलीला नेतात तो तोटीचा मोठा जार काढला, त्यात गरम पाणी आणि पीठ कालवून तासभर झाकून ठेवलं. मग खालची तोटी उघडायची, तिच्या तोंडाशी आतून बसवलेल्या जाळीतून गोड पाणी गाळून येतं, ते पुढे उकळून आंबवायचं. उघडली. अर्धी वाटी आली, मग थेंब, मग काही नाही. जाळीवर पिठाची नुसती खळ बसली होती. मी आणखी गरम पाणी घातलं, पळीने ढवळलं, तोटीत विणायची सुई घालून बघितली. जार उचलून आपटला. दोन तास झाले. शेवटी जमिनीवर बसून तोटीला तोंड लावलं आणि उलटं फुंकायला लागलो, आणि तेवढ्यात लॅचचा आवाज आला. आई दारात उभी, हातात वाणाची पिशवी, आणि मी तोटी तोंडात धरून बसलेलो.

तिथं मला हसू यायला हवं होतं. मला राग आला. मोबाइलवर नुकतंच वाचलं होतं की जवाचं तूस, म्हणजे वरची फोलपटंच, पिठाला मोकळं ठेवतात, ती नसतील तर सगळं बसतं. मी ओरडलो की तुला तूस काढायला कुणी सांगितलं होतं, न विचारता लुडबुड कशाला करतेस, सगळं वाटोळं केलंस. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. आई एवढंच म्हणाली की अरे, सत्त्वात तूस कोण ठेवतं. मी म्हटलं, मी ठेवतो.

ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. बाहेर आली ती एक उशी घेऊन. तिच्या जुन्या मऊ लुगड्याचा अभ्रा, हातशिलाईचे बारीक टाके. दिवसभर कॉम्प्युटरवर बसून माझी मान धरते, म्हणून तिने ते सगळं तूस धुऊन वाळवून उशीत भरलं होतं. जायच्या दिवशी देणार होती. कात्री मागितली, टाके उसवले, आणि ओंजळी भरभरून तूस जारमध्ये घातलं. पदर खोचून, पळी घेऊन स्वतः कालवलं. मी नको म्हणायला हवं होतं. मी जार धरून उभा राहिलो.

थोड्या वेळाने तोटी उघडली तर आधी गढूळ, मग स्वच्छ, मधाच्या रंगाची धार लागली. आईने बोटाने चाखून बघितलं, गोड आहे रे, म्हणाली, आणि पहिली वाटी देवापुढे ठेवली. बायको स्वयंपाकघरातून निघून गेली.

पुढे ते सगळं मी ओतून टाकलं असं लिहायला मला आवडलं असतं. नाही ओतलं. आई परत गेल्यावर प्यायलो, आणि चांगली झाली होती.

चार महिन्यांनी इथंच शुऐब्यात काम करणारा आमच्या गावचा एक वेल्डर सुट्टीवरून आला आणि आईने दिलेलं पुडकं घरी देऊन गेला. आत दोन पिशव्या. एकीत मोड आणून भरडलेले जव, दुसरीत नुसतं तूस. मी फोन लावला. शुगर उतरली का, तिने विचारलं. मग म्हणाली, "या वेळी तूस वेगळं बांधलंय. मागे माझ्या अडाणीपणामुळे तुझं काम अडलं होतं ना."

माफी ती मागत होती. मला ते सहन झालं नाही.

"आई, ते सत्त्व नव्हतं," मी म्हणालो. "इथं मिळत नाही. मी घरी करतो."

मागे तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मी म्हणत होतो की थोडीच करतो, बाबांसारखं नाही, आता बंद करतो. कुणाचं तोंड घेऊन बोलत होतो ते मला बोलतानाच कळत होतं. हेच शब्द मी लहानपणी भिंतीपलीकडून ऐकले होते.

"म्हणजे देवापुढे मी तेच ठेवलं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

जार बायकोने त्याच दिवशी खाली कचऱ्यात नेऊन टाकला. मी पुन्हा केली नाही. पण हे मी कुणाला आणि कसं पटवणार?

डिसेंबरात सुट्टीवर गेलो. आईने दार उघडलं. बॅग अजून माझ्या खांद्यावरच होती. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, खाली ओढला आणि तोंड हुंगलं. तिचं होईपर्यंत मी वाकून उभा राहिलो.