तेजरामभाऊंची रविवारची ड्यूटी

दोन हजार तेरा सालच्या उन्हाळ्यात, एका बुधवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, मी धुरपताबाईंना पुसून टाकलं. बाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती, त्यामुळे गुन्हा काही दाखल झाला नाही. पण हात माझाच होता आणि त्या हाताला कोणाचा धक्का लागलेला नव्हता, हे आधीच कबूल करतो.

तेजराम गभणे हे वरठीतले माझे शेजारी. पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवून ते आदल्या वर्षी घरी बसले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. सरकारचा आदेश आला म्हणून बावन्नाव्या वर्षी एमएससीआयटी पास झालो, आणि तेव्हापासून आमच्या आळीत कॉम्प्युटरचं काही अडलं की मला बोलावणं येतं. न बोलावता गेल्याचीही उदाहरणं आहेत.

त्या बुधवारी मात्र रीतसर बोलावणं होतं.

"गुरुजी, मनिषच्या कॉम्प्युटरमध्ये तो खेळ आहे ना, तिथं मले जाचं आहे."

"खेळायचं आहे?"

"खेळाचं नाही. जाचं आहे."

मनिष म्हणजे त्यांचा मुलगा. पुण्याला नोकरीला. आई गेली तेव्हापासून तो बापाशी बोलत नव्हता. फोन वाजून वाजून थकायचा. साकोलीला दिलेली त्याची बहीण टीना, तिच्याशी तो बोले. तिनंच बापाला सांगितलं होतं की मनिष दर रविवारी दुपारी इंटरनेटवरच्या एका खेळात असतो. देशभरातली वीसेक पोरंपोरी तिथं जमतात, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात आणि राक्षस मारतात. तेजरामभाऊंनी यातले राक्षस सोडून दिले. त्यांनी एवढंच घेतलं, की मनिष हाक मारल्यावर ओ देतो अशी एक जागा आहे, आणि तिचं दार आपल्याच घरी टेबलावर, जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली झाकून ठेवलेलं आहे.

"साकोलीले एसटी जाते," ते म्हणाले. "तसं तिथं काय जाते, तेवढं सांगा."

मी कापड काढलं, मशीन सुरू केली, खेळ उघडला. पासवर्ड मनिषनं आतच ठेवला होता. पडद्यावर पांढऱ्या झग्यातली एक बाई, हातात काठी घेऊन उभी. मी म्हटलं, ही कोण मध्येच? आपल्याला नवा माणूस बनवायचा आहे, जागा रिकामी करू. फळा पुसल्याशिवाय नवा धडा लिहायचा नाही, ही माझी बत्तीस वर्षांची सवय. एक बटण दाबलं. मशीननं इंग्रजीत विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. मशीन म्हणाली, मग हिचं नाव टाइप करा. मी चष्मा सरकवून एका बोटानं एकेक अक्षर बघून उतरवलं. डी. एच. यू. आर. अक्षरं उतरवणाऱ्याला शब्द दिसत नाही; पोरांच्या कॉप्या पकडताना हे मी हजारदा पाहिलं आहे. शेवटचं ए झालं आणि मी जोरात एंटर मारलं.

मागून तेजरामभाऊ हळूच म्हणाले, "गुरुजी, हे तर धुरपता लिहिलं होतं."

आई गेल्यावर मनिषनं तिच्याच नावानं ते पात्र बनवलं होतं. वैद्यीण. लढायचं नाही, जो पडेल त्याच्याजवळ जायचं, काठी टेकवायची, त्याला उभं करायचं. दोन वर्षं रविवारमागून रविवार त्यानं तिला वाढवली होती, आणि मी ती फळ्यावरच्या तारखेसारखी पुसली.

खेळवाल्यांनी मनिषला मेल पाठवली असावी. संध्याकाळी सहाला तेजरामभाऊंचा फोन वाजला. मी तिथंच होतो. पाप करून लगेच घरी जाणं बरं दिसत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा पोराचा फोन, आणि आवाज असा की मला पलंगावर बसून ऐकू येत होता.

"माझ्या कॉम्प्युटरले हात कोण लावला?"

तेजरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मी लावला," ते म्हणाले.

"कायले?"

"शिकून राहिलो."

मग मनिष म्हणाला, कंपनीला अर्ज केला तर आठवड्यात पात्र परत मिळते. "तुमाले शिकाचं असन तर नवीन खातं काढा. तिले हात लावू नका." आणि फोन बंद.

तेजरामभाऊ फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सव्वा मिनिट बोलला."

नवं खातं काढलं. मशीननं नाव विचारलं. मी सुचवलं, वीर, सिंह, असं काही घ्या. ते म्हणाले, नाव आहे की मले. पण तेजराम आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं. हा दुसरा तेजराम कुठला, यावर आम्ही थोडा वेळ घालवला. शेवटी त्यांनी कारखान्यातला टोकन नंबर जोडला. तेजराम चारशे सतरा. काम विचारलं, तर धनुष्य, जादू, तलवार सगळं पाहून त्यांनी ढाल घेतली. ढालवाल्याला फक्त जागेवर उभं राहायचं असतं, असं खाली लिहिलं होतं.

मला वाटलं होतं शिकवायला महिने लागतील. डाव्या हाताची बोटं चालण्याच्या बटणांवर, उजव्या हातात माउस. माझा डावा हात हलला की उजवा विसरतो. तेजरामभाऊंना दोन दिवस लागले. क्रेनच्या केबिनीत तीस वर्षं हेच केलेलं: डाव्या दांड्यानं क्रेन पुढं-मागं न्यायची, उजव्यानं ओझं वर-खाली करायचं. उलट माझाच योद्धा भिंतीला नाक लावून चालत असायचा, तेव्हा ते शेजारून म्हणायचे, "दोन्ही हात संगच चालवा गुरुजी, एक झोपते तुमचा."

घोटाळा निराळाच झाला. क्रेनवाल्यानं खाली माणसं असताना भोंगा दिल्याशिवाय ओझं हलवायचं नसतं. खेळात शिंग फुंकायचं एक बटण होतं. तेजरामभाऊ प्रत्येक पाऊल टाकण्याआधी शिंग फुंकत. जंगलात लांडगे निजलेले, बाकीची पोरं चोरपावलांनी निघालेली, आणि मधोमध हा चारशे सतरा नंबरचा मनुष्य "पों" करून पुढं जायचा. सगळे लांडगे उठत. इंदूरची एक मुलगी त्या टोळीची म्होरकी होती, ती हेडफोनात ओरडायची, "अंकल, हॉर्न मत बजाइए!"

टोळीत मनिष होता; त्याची टोळी कोणती ते टीनाकडून कळल्यावर तेजरामभाऊंनी तिथंच नाव घातलं होतं. धुरपताबाई परत आल्या होत्या. पांढरा झगा, काठी, आणि तोंडातून मनिषचा आवाज. तो तेजरामभाऊंना बाबा म्हणत नसे. सगळ्यांसारखाच म्हणायचा, "चार-सतरा, डावीकडे या." तेजरामभाऊ डावीकडे जात. रविवारी दुपारी एकला जेवून, अंगावर धुतलेला शर्ट घालून ते बसत. पुसण्याची माझी हौस फिटल्यामुळे मी शेजारी नुसता खुर्ची टाकून बसे; क्रेनवाल्याच्या कानाला आवाज मोठा लागे, त्यामुळे हेडफोनातलं मलाही ऐकू येई.

जुलैतल्या एका रविवारी मनिष म्हणाला, "चार-सतरा, या पुलावर थांबा. मी आलोच." आणि त्याचं नेट गेलं असावं. तो आला नाही. बाकीचेही हळूहळू निघून गेले. दोनाचे तीन वाजले, चार वाजले. जरा वेळ हात काढला तर खेळ माणसाला बाहेर टाकतो, म्हणून तेजरामभाऊ दर दोन मिनिटांनी ढाल वर करीत आणि खाली ठेवीत.

"उठा आता," मी म्हटलं. "चहा घेऊ."

"रिलीव्हर नाही आला, गुरुजी."

हा कारखान्यातला नियम. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, शिडी चढून केबिनीत येईपर्यंत क्रेन सोडायची नाही. खाली वितळलेलं पोलाद असतं, माणसं असतात. मी पुढं काही बोललो नाही, कारण तो नियम मला माहीत होता, आणि त्याची किंमतही.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात धुरपताबाईंच्या छातीत दुखायला लागलं. मनिष तेव्हा घरी होता. त्यानं त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं आणि कारखान्याच्या गेटवर निरोप ठेवला. निरोप केबिनीत पोचला एक वाजता. पाळी सुटायची दोनला. रिलीव्हर नदीपलीकडच्या कारध्याचा, आणि त्या दिवशी वैनगंगेचं पाणी लहान पुलावरून चाललेलं. तो मोठ्या पुलानं फिरून, ट्रकला हात देत साडेचारला पोचला. खाली फोरमनला एक शब्द सांगितला असता, तर त्यानं दुसरा कोणी वर चढवला असता. फोरमननंच नंतर सांगितलं, ढसढसा रडून. पण घरचं गाऱ्हाणं कामावर न्यायचं नाही, हाही तेजरामभाऊंचा एक नियम होता, आणि तो कारखान्याचा नव्हता. बाई पावणेचारला गेल्या. हे पाचला पोचले. मनिष दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. तो एवढंच म्हणाला, "तुमी क्रेनवरच राहा." तेरावं आटोपून पुण्याला गेला.

पुलावर संध्याकाळचे सात वाजले तेव्हा पांढरा झगा दिसला.

"अजून इथंच?" मनिषचा आवाज.

"तू थांब म्हणला."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता, तेवढाच. मग तो बोलला, सावकाश, वाचून दाखवल्यासारखा. "आई पण थांबच म्हणत होती. डॉक्टर नागपूरले न्या म्हणून राहिले, अन् ती म्हणे, थांब, तुझे बाबा येतेच. तीनदा म्हणली."

पांढरा झगा पडद्यावरून नाहीसा झाला. तेजरामभाऊंनी तरीही एकदा ढाल वर केली, खाली ठेवली. मग मीच वायर काढली. आयुष्यात मशीन बंद करण्याचं एवढं चुकीचं आणि एवढं बरोबर काम मी दुसरं केलं नाही.

पुढचे तीन रविवार मनिष आला नाही. तेजरामभाऊ आले. धुतलेला शर्ट, जेवण, एक वाजता खुर्ची. टोळी त्यांना घेऊन जाई, ती जिथं उभं करील तिथं ते उभे राहत. शिंग फुंकणं त्यांनी सोडलं होतं, आणि मला ते भोंगे आठवायला लागले होते.

चौथ्या रविवारी मोठी लढाई होती. टोळीनं तिच्यासाठी महिनाभर तयारी केली होती. किल्ल्याच्या आत राक्षस, मागे एक दरवाजा. त्या दरवाज्यातून त्याची फौज आत येऊ पाहणार, आणि ढालवाल्यानं तो अडवायचा. बाकी एकोणीस जणांचा जीव त्या दरवाज्यावर. इंदूरच्या मुलीनं दहादा बजावलं, "अंकल, कुछ भी हो जाए, गेट नहीं छोड़ना."

"नही छोडूंगा बेटा," तेजरामभाऊ म्हणाले. त्या कामासाठी अख्ख्या देशात याहून बरा माणूस मिळाला नसता.

आणि मनिष आला होता. बोलला काही नाही; पण पांढरा झगा आत, राक्षसाच्या पायाशी, पडलेल्यांना उठवत फिरत होता.

पाऊण तास तेजरामभाऊंनी दरवाजा असा धरला की मी माझा श्वास मोजत होतो. डावा हात, उजवा हात; ओझं तोलल्यासारखे. मुलगी म्हणाली, बस दो मिनट और. तेवढ्यात राक्षसानं गदा फिरवली आणि पडद्याच्या कोपऱ्यात, जिथं सगळ्यांची नावं असतात आणि जो मरेल त्याचं करडं होतं, तिथलं एक नाव करडं पडलं. नावं इंग्रजीत होती. हे मात्र या वेळी मला चटकन वाचता आलं.

धुरपता.

तेजरामभाऊंच्या डाव्या हाताचं बोट उठलं. आधी त्यांनी शिंग फुंकलं. लांब, एकदाच. मग ढाल पाठीवर टाकून ते वळले आणि पळाले.

"अंकल! गेट! गेट!" हेडफोनातून सगळ्या टोळीचा कल्लोळ. मागून फौज पाण्यासारखी आत आली. करडी नावं वाढत गेली. सहा, दहा, पंधरा. तेजरामभाऊ पायऱ्या चढून आत गेले, पांढरा झगा जिथं पडला होता तिथं पोचले, आणि तिच्यावर ढाल धरून उभे राहिले. उठवणं त्यांना येत नव्हतं. ते वैद्याचं काम. ते नुसते उभे राहिले, त्यांचंही नाव करडं पडेपर्यंत.

महिन्याभराची मेहनत वाया गेली होती. मुलगी हिंदीत जे म्हणाली ते मी मास्तर असल्यामुळे लिहीत नाही. एकेक जण निघून गेला. दोन नावं राहिली.

"बाबा," मनिष म्हणाला. "बाबा, दरवाज्यावर कोणी नव्हतं."

तेजरामभाऊंनी मान हलवली. पुण्याला मान दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग तो म्हणाला, "पुढच्या रविवारी येजा." आणि त्याचंही नाव गेलं.

तेजरामभाऊंनी हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली, मशीन बंद केली आणि तिच्यावर लुगड्याचा तुकडा चारी कोपरे ओढून झाकला. बाहेर चारची ऊन-सावली. मला गप्प बसता आलं असतं. पण मास्तराचा जन्म, प्रश्न विचारल्याशिवाय तास संपत नाही.

"तेजरामभाऊ," मी म्हटलं, "रिलीव्हर आला होता काय?"

"नाही. तरी निघालो."