चहाच्या आधी स्पेलिंग

"थांबा बाई, चहाच्या आधी एक विचारा हिले!"

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी पाऊल टाकलं की हे ठरलेलं. कपबशी हातात यायच्या आत त्यांनी चुटकी वाजवलेली असायची आणि त्यांची चौथीतली मुलगी आतून येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिलेली असायची. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. पाहुण्यानं इंग्रजी शब्द द्यायचा, लेकरानं स्पेलिंग म्हणायचं, बापानं फरसाणाची बशी पुढे सरकवायची.

मला त्या फरसाणाचीसुद्धा शिसारी यायची.

ते वीज केंद्रात पंपांवर ऑपरेटर, मी तिथेच स्टोअरला. मला यादीशिवाय सुचत नाही हे त्यांना माहीत, म्हणून पोरीसाठी शब्द मागायला ते माझ्याकडेच आले. मी नीट लिहून दिलं. दिवसाला पाच शब्द, तेही तिच्या वाचनातले. बघायचा, झाकायचा, लिहायचा, तिचा तिनंच ताडून पाहायचा. चुकला तर उद्या पुन्हा. चारचौघांत विचारायचं नाही.

"बस पाचच? काऊन बाई, पोरगी कमजोर हाय का?"

पाचाचे त्यांनी पन्नास केले. शेवटची ओळ तर वाचलीच नसावी.

वीज केंद्रात एक शिफ्ट दुसरीला चार्ज देते, झालेले बिघाड वहीत लिहून. त्यांनी तीच पद्धत घरी आणली. ड्यूटीवर निघताना बायकोच्या हातात पोरीची वही द्यायचे. "चार्ज घे. सकाळपासून चार फॉल्ट." लोक हसायचे. पहिल्यांदा मीही हसले, त्याची आज लाज वाटते.

मग एक रविवार. पाच-सहा जण बसलेले. कुणीतरी मुद्दाम अवघड शब्द टाकला, पोरगी अडली. त्यांनी खिशातून लाल टॅग काढला. दुरुस्तीसाठी बंद केलेल्या यंत्रावर अडकवतात, तो. तिच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "ज्यानं लावला त्यानंच काढायचा. नियम हाय!"

सगळी खोली हसली. पोरगी फ्रॉकची शिवण चिमटीत धरून उभी. मी कप खाली ठेवला, उठले आणि टॅग काढला.

"भाऊ, लेकरू आहे ते. पंप नाही."

ते माझ्यामागे फाटकापर्यंत आले. "तुमाले नाई समजत, बाई. प्रमोशनच्या वेळी सायबानं माझा इंग्रजी अर्ज सगळ्यायसमोर वाचला होता. एक एक चूक. सारे हसले. हिले कोणी हसू नाई म्हणून करून राह्यलो."

"मग आत्ता कोण हसले?"

मला कारण कळलं, किळस मात्र गेली नाही. अजूनही गेलेली नाही.

त्यानंतर पोरगी बापासमोर पुस्तकच उघडेना. इंग्रजीचं नाही, मराठीचंही नाही. शेवटी आईनं तिला संध्याकाळी माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. पंधरा दिवस ती नुसती बसून राहिली. मग मी तिला स्वयंपाकघरातल्या डब्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या लावायला दिल्या. चुकली तर तिनंच काढायची, तिनंच नवी चिकटवायची. दिवाळीच्या आसपास तिनं आपणहून एक गोष्ट मोठ्यानं वाचली.

सोडायला तेच यायचे. एकदा ती आत वाचायला लागल्यावर कौतुकानं दारापर्यंत आले, तर तिचा आवाज जागीच बंद पडला. पुन्हा त्यांनी फाटक ओलांडलं नाही.

उन्हाळ्यात त्यांची दुसऱ्या केंद्रावर बदली झाली. निघायच्या आठवड्यात मी ओट्याजवळच्या खिडकीतून पाहिलं. पोरगी वाचत होती, ते कुंपणाबाहेर मोटरसायकलला टेकून ऐकत होते. एका शब्दाशी ती अडली. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. तिचा तिला शब्द सापडला, तसं त्यांनी हँडल धरलं आणि आवाज होऊ नये म्हणून गाडी सुरू न करता वळणापर्यंत ढकलत नेली.

मला त्यांना हाक मारता आली असती. मी मारली नाही.