प्रश्नावली आणि पोहे

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ द्या, हसालच! शेहेचाळिसाव्या वर्षी पीएचडीच्या नादात मी असा काही तोंडावर आपटलो, की विचारू नका!

तेव्हा मी चंद्रपूरला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचो. विषय घेतला होता, तलावांवर मासे धरणारी कुटुंबं. गाइड माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मग काय, लाजेकाजेस्तव केसांना काळा रंग फासला!

एका रविवारी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन पोंभुर्ण्याकडच्या एका गावात पोचलो. पहिलंच घर गोविंदाभाऊंचं. दारात पाय ठेवला, तर हातपाय धुवायला पाणी, बसायला सतरंजी, वर गरमागरम पोहे! वा! संशोधनाला केवढा हा मान!

"घरात माणसं किती?" मी पेन उघडलं.

"पाच. ही बहीण लग्नाची हाये," गोविंदाभाऊ म्हणाले. "शकू, ये वं!"

शकूबाई येऊन समोर बसल्या. पस्तिशीच्या, अंगणवाडीत कामाला. मी सुरू झालो. नाव, वय, शिक्षण...

"जाळं विणता येतं?"

"येते."

"काही आजारपण?"

"नाई!" त्या जरा जोरातच म्हणाल्या. "आता मी विचारू?"

"विचारा की!" मी खूश. असा उत्साह कुठे बघायला मिळतो?

"तुमी काय करून राह्यले?"

"शिकतोय," मी ऐटीत म्हणालो.

"अजून? किती वर्सं?"

"चार. पाचही लागतील."

"पोरंबाळं?"

"दोन मुली."

"अन् पहिली कुठी गेली?"

मी आपला मुलींच्याच हिशेबात! "पहिली नागपूरला असते. दुसरी घरीच आहे."

शकूबाई ताडकन उठल्या. "दादा! दोघी जित्या हायेत अन् हा बाप्या तिसरी पाहून राह्यला!"

"तिसरी? कोण तिसरी?" मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

तेवढ्यात दारात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे. "रामराम! मूल गावाहून आलो. मुलगी पाहाले."

झालं! यांचा बिजवर पाहुणा हा होता, आणि पोहे मी खाल्ले होते! मी घाईघाईने कॉलेजचं ओळखपत्र काढलं, प्रश्नावली दाखवली, हात जोडले. गोविंदाभाऊ हसता हसता भिंतीला टेकले.

शकूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं झालं बाई, हे नोहेत ते. मी तशीबी नाईच म्हणणार होती. केस रंगवलेले, अन् एवढ्या वयात अजून शिकूनच राह्यले!"

म्हणजे बघा, मी मागणी घातली नव्हती, तरी नकार मिळाला!

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, नवऱ्याचा असा अपमान ऐकून चिडेल. ती डोळे पुसत, हसू आवरत म्हणाली,

"हुशार बाई हो! आमच्या बाबांनी एवढे प्रश्न विचारले असते, तर मीही वाचले असते!"